स्वस्तातलं ऑटोमॅटिक घड्याळ वापरायचा अनुभव: सेल नाही, चावी नाही, हात हलतो तोवर चालतं

चालता_काटा
४ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज पावसाने लाईट गेलीये आणि मोबाईलला चार्जिंग आहे तर लिहूनच टाकतो.

माझ्याकडे २०१७ पासून एक सिको ५ आहे. मॉडेल एसएनके८०९, काळी तबकडी, ३७ मिमीची केस (म्हणजे बाहेरचं धातूचं कवच), आत ७एस२६ मशीन. तेव्हा साडेसहा हजाराच्या आसपास पडलं होतं. घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न, एवढे पैसे देऊन यात सेल पण नाही का? सेल नाही म्हणूनच घेतलं हे तिला सांगायला मला पुढचे दोन दिवस लागले, शेवटी मागची बाजू दाखवली तेव्हा तिला पटलं. मागे झाकणाला काच आहे. त्यातून रोटर दिसतो, म्हणजे अर्ध्या चकतीच्या आकाराचं एक वजन, मधोमध बेअरिंगवर बसवलेलं. हात हलला की ते फिरतं आणि आतली स्प्रिंग आवळली जाते. आईने घड्याळ तळहातावर घेऊन हळूच कलतं केलं, वजन घरंगळत खाली आलं, परत कलतं केलं, परत आलं. नंतर तिने कानाला लावलं आणि म्हणाली अगं बाई, हे तर आबांच्या घड्याळासारखं वाजतंय.

तो आवाज बारीक आणि भरभर असतो कारण हे मशीन तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ६. म्हणून सेकंद काटा सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळासारखा टक टक उडी मारत नाही, सहा बारीक पावलांत सरकतो. रात्री सगळं शांत झालं की उशीजवळ ठेवलेलं ऐकू येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिको ५ हे नाव १९६३ पासूनचं आहे. ५ म्हणजे पाच गोष्टी: ऑटोमॅटिक, वार आणि तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून थोडं संरक्षण, क्राऊन (वेळ लावायची बाजूची घुंडी) चारच्या जागी आत दबलेला, आणि केस व पट्टा टिकाऊ. साध्या माणसाला रोज घालता यावं म्हणून काढलेलं घड्याळ होतं ते. आतली मॅजिक लिव्हरची युक्ती तर त्याही आधीची, १९५९ ची. एक बारीकसा दोन टोकांचा लिव्हर असतो, एक टोक दातेरी चाकाला ढकलतं, दुसरं ओढतं. त्यामुळे रोटर डावीकडे फिरो की उजवीकडे, स्प्रिंग एकाच दिशेने आवळली जाते. मी चाकणला कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे पार्ट तपासायला आहे, दिवसभर गेजेस (मोजायची साधनं) आणि ड्रॉइंग यातच असतो, तरी इतक्या कमी पार्टमध्ये एवढं काम करणारी वस्तू मी फार कमी पाहिलीये.

आता वेळेचं. माझं रोज साधारण १४ सेकंद पुढे पळतं. कंपनीनेच या मशीनची हद्द दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद दिलीये, त्यामुळे १४ म्हणजे उत्तमच. मी दर रविवारी सकाळी चहा झाला की मोबाईलवर बघून मिनिट दीड मिनिट मागे घेतो. आठवड्यातली ही पाच मिनिटं मला फार आवडतात, खरंच सांगतो. बाकी कुठल्याच वस्तूकडे मी आठवड्यातून एकदा इतकं नीट बघत नाही.

तुमच्याकडे कुठलं आहे, कसं चालतं, कुठे दुरुस्त करता, लिहा.

रेतीघड्याळ
४ जून, रात्री १०:५१

दादा वाचायला मजा आली पण मला मनापासून एक प्रश्न आहे. माझ्या हातावर कॅसिओ एफ-९१डब्ल्यू आहे, १९८९ पासून हेच डिझाईन चालू आहे, महिन्याला जास्तीत जास्त ३० सेकंद इकडेतिकडे आणि सेल सात वर्षं. म्हणजे तुमचं दोन दिवसात चुकतं तेवढं माझं महिन्यात चुकतं, आणि किंमत तुमच्या पाव हिश्श्यातही नाही. घड्याळाचं काम वेळ दाखवणं, मग जास्त पैसे देऊन कमी अचूक वस्तू का घ्यायची? भांडायला नाही विचारत, माझा भाचा ऑटोमॅटिकच पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलाय म्हणून समजून घ्यायचंय.

चालता_काटा
४ जून, रात्री ११:२०

प्रश्न अगदी रास्त आहे. नुसती अचूक वेळ पाहिजे असेल तर क्वार्ट्झच घ्यावं, त्यात वादच नाही. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आमचं चाक सहा ठोके देतं, तुलना होऊच शकत नाही. १९६९ च्या डिसेंबरात सिकोनेच पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि त्यानंतर स्वित्झर्लंडमधले कितीतरी कारखाने बसले.

पण दुसऱ्या बाजूने बघा. दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यात १० सेकंद चूक म्हणजे ९९.९८८ टक्के बरोबर. आणि हे कोण करतंय तर केसापेक्षा बारीक जाडीची एक स्प्रिंग आणि एक चाक, जे दिवसाला ५ लाख १८ हजार ठोके देतं, उन्हाळ्यात थंडीत, मी बाईकवर चाकणच्या खड्ड्यांतून जात असताना. वीज नाही, सर्किट नाही. माझ्या कामात मायक्रॉनवर भांडणं होतात म्हणून मला हे जास्त जाणवत असेल, पण साडेसहा हजारात हे मिळालं याचं मला आजही नवल वाटतं.

भाच्याला घेऊन द्या. एक वर्ष वापरू दे, नाही आवडलं तर त्याचं त्यालाच कळेल.

घरूनच_काम
५ जून, सकाळी ८:०५

माझी अडचण वेगळीच आहे. मी पण हौसेने ऑटोमॅटिक घेतलं, पण काम घरून, दिवसभर खुर्चीत, हात फक्त कीबोर्डवर. रोज घालतो तरी चार पाच दिवसांनी पहाटे कधीतरी बंद पडलेलं असतं, आणि शनिवार रविवार काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी बंदच. मग वेळ लावा, वार लावा, तारीख लावा. वाइंडर (न घातलेलं घड्याळ फिरवत ठेवणारं यंत्र) घ्यावा का? ऑनलाईन अडीच तीन हजाराला दिसतोय.

चालता_काटा
५ जून, सकाळी ८:४०

वाइंडरवर पैसे घालू नका, त्यात घालण्यापेक्षा एक चांगला पट्टा घ्या. पूर्ण भरलेलं असेल तर ही मशीन साधारण ४१ तास चालतात. शुक्रवारी संध्याकाळी काढलं तर रविवारी दुपारपर्यंत, तेही पूर्ण भरलेलं असेल तरच, आणि खुर्चीत बसून ते पूर्ण भरतच नाही. तुमच्या मशीनचा नंबर बघा. ७एस२६ असेल तर क्राऊन फिरवून चावी देता येत नाही, तबकडी वर करून आडवं धरायचं आणि डावी उजवीकडे तीसएक सेकंद संथ झुलवायचं, झटके द्यायचे नाहीत. एनएच३५ किंवा ४आर३६ असेल तर क्राऊनने चावी बसते, रोज सकाळी वीस पंचवीस वळसे द्या, प्रश्नच मिटला. २०१९ ला सिको ५ स्पोर्ट्स नव्याने आलं त्यात ४आर३६ आहे, त्यात क्राऊन बाहेर ओढला की सेकंद काटा पण थांबतो.

आणि एक फार महत्त्वाचं, सगळ्यांसाठीच. रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात क्राऊनने तारीख बदलायची नाही. त्या वेळात तारखेची चाकं आधीच एकमेकांत अडकायला लागलेली असतात, जबरदस्तीने फिरवलं तर दात तुटतो. बंद पडलेलं घड्याळ हातात घेतलं की आधी काटे फिरवून तारीख कधी बदलते ते बघा म्हणजे घड्याळात सकाळ आहे की रात्र ते कळेल, मग काटे सकाळी सहावर आणा, तारीख आदल्या दिवशीची लावा, आणि काटे फिरवत आजच्या वेळेवर या.

अनघा_को
५ जून, दुपारी १:३०

बायकांनी लिहिलेलं चालेल ना इथे 🙂 मी कोल्हापूर, शाळेत शिक्षिका. मी डावखुरी, त्यामुळे फळ्यावर डाव्या हाताने लिहिते आणि घड्याळ उजव्या हातावर. लेडीज घड्याळं म्हणून दुकानात जी दाखवतात ती सगळी बारीक, खडे लावलेली, आणि सगळी सेलवाली. ऑटोमॅटिक विचारलं तर दुकानदार म्हणाले मॅडम लेडीजमध्ये नाही येत. शेवटी मीच ३७ मिमीचं पुरुषांचं घेतलं. माझं मनगट पावणेसहा इंच आहे, तरी बरोबर बसतं, कारण नुसता व्यास बघायचा नाही, केसला पट्टा अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत लांबी बघायची, ती मनगटाच्या बाहेर गेली नाही की झालं. पट्टा काढून १८ मिमीचा साधा तपकिरी चामड्याचा घातलाय.

माझा अनुभव, वर्गात उभं राहून शिकवते, हातवारे करते, त्यामुळे माझं कधीच बंद पडत नाही, अगदी मे महिन्याच्या सुट्टीतच काय ते पडतं. आठवीच्या मुलींना एकदा मागची काच दाखवली, सगळ्यांनी रांग लावून बघितलं. गतिज ऊर्जेचं स्थितिज ऊर्जेत रूपांतर हे दरवर्षी शिकवते पण त्या दिवशी एकीने विचारलं की बाई मग तुम्ही झोपल्यावर हे कशावर चालतं? मला वाटतं त्या एका प्रश्नात अख्खा धडा आला.

निवृत्त_मास्तर
५ जून, रात्री ९:१५

सर्वांचे लेखन वाचले. मी नाशिकचा, वय ६८. माझ्याकडे एचएमटी कांचन आहे, १९८५ साली लग्नात सासऱ्यांनी दिलेले. आज नव्या मुलांना सांगून खरे वाटणार नाही, पण त्या काळी कांचन मिळवणे सोपे नव्हते, आमच्याकडे तर लग्न ठरले की आधी कांचनची सोय बघत. सोनेरी रंग, ऑटोमॅटिक, वार हिंदीत. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळाचा कारखाना सुरू केला, जनता, पायलट, सोना ही सगळी चावीची घड्याळे त्यांचीच. २०१६ च्या जानेवारीत एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याला सरकारने मंजुरी दिली ती बातमी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मी कपाटातून हे घड्याळ काढून बघितले होते. चालत नव्हते. तसेच परत ठेवले.

मी हे घड्याळ घालून २६ वर्षे शिकवले. आज हा धागा वाचून पुन्हा बाहेर काढले, जोरात हलवले तर पाच मिनिटे चालले आणि थांबले. अजून काही आशा आहे का?

चालता_काटा
५ जून, रात्री ९:४४

मास्तर, पूर्ण आशा आहे. पाच मिनिटं चाललं म्हणजे बॅलन्स (ठोके देणारं, मागेपुढे झुलणारं चाक) शाबूत आहे आणि स्प्रिंगही तुटलेली नाही. फक्त एक हात जोडून विनंती, आता अजिबात हलवू नका आणि घालू नका. इतकी वर्षं पडून राहिलं की आतलं तेल वाळतं, चिकट होतं, आणि कोरड्यावर चालवलं की चाकांचे आस झिजतात. ते मग भरून येत नाहीत. जुना घड्याळजी शोधा, जो भिंग लावून बसतो आणि ज्याच्या टेबलावर उघडी मशीन दिसतात. फक्त सेल आणि पट्टे बदलणाऱ्याकडे नको. पूर्ण उघडून, धुऊन, ऑईलिंग करायला सांगा. आणि पॉलिश करू नका म्हणून बजावा, सोन्याचा मुलामा निघून जाईल. तबकडीला तर हातच लावू देऊ नका.

भुलेश्वरचा_जुना
६ जून, सकाळी ११:०२

तबकडीचा विषय निघालाच आहे तर लिहितो, कारण या नादात बरेच जण फसतात. ऑनलाईन दीड दोन हजाराला जुनी सिको ५ दिसतात, नारिंगी, हिरवी, जांभळी, लखलखीत तबकडी, व्हिंटेज म्हणून. परदेशातल्या घड्याळवेड्यांमध्ये या प्रकाराला नावच पडलंय, मुंबई स्पेशल. आपल्या शहराचं नाव अशा गोष्टीला जोडलं गेलंय याचं मला वाईट वाटतं. काय करतात, जुनी ७००९ वगैरे मशीनची घड्याळं घेतात, चार घड्याळांचे पार्ट एकात घालतात, तबकडी नव्याने रंगवतात, केस चाकावर घासून घासून कोपरे गोल करतात. चालतं, पण आत काय आहे ते कोणालाच माहीत नसतं.

ओळखायचं कसं. तबकडीवर अगदी खाली, सहाच्या खाली, बारीक अक्षरात कोड असतो, त्याची सुरुवात मशीनच्या नंबरने होते. मागच्या झाकणावर पण मशीनचा नंबर आणि केसचा नंबर असतो. दोन्हीकडे मशीनचा नंबर जुळला पाहिजे. रंगवलेल्या तबकडीवर तो कोड बहुतेक नसतोच, किंवा अक्षरं फुगलेली, कडा पसरलेल्या. मग सिरीयल नंबर बघा, पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ऑक्टोबर नोव्हेंबर डिसेंबरला आकड्याऐवजी ओ, एन, डी. अगदी नवीन दिसणाऱ्या तबकडीखाली काटे जर पिवळे पडलेले असतील तर तिथेच सोडून द्या.

माझ्याकडे या रंगवलेल्यांपैकीच एक आहे, पहिलं घेतलेलं, १,८०० ला. तेव्हा काहीच कळत नव्हतं. त्याच्यावर मी उघडायला आणि जोडायला शिकलो.

पेणकर
६ जून, दुपारी ४:२०

पावसाळ्याचं कोणीतरी लिहा राव. गेल्या वर्षी जुलैत पेणहून अलिबागला बाईकवर जाताना रेनकोटची बाही वर सरकली आणि घड्याळ पूर्ण भिजलं. मागे पाण्याचं ३० मीटर लिहिलेलं, म्हटलं ३० मीटर खोल जाऊन येईल तर पावसाने काय होतंय. घरी आलो तर काचेच्या आत धुकं. एका दुकानात नेलं तर म्हणाले दोन दिवस उन्हात ठेवा आपोआप जाईल. जुलैत ऊन कुठलं. चार दिवसांनी धुकं गेलं खरं पण महिन्याने घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडायला लागलं, दुसरीकडे उघडून बघितलं तर बॅलन्सच्या स्प्रिंगला गंज. ते घड्याळ गेलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं कारण पहिल्या पगाराचं होतं.

भुलेश्वरचा_जुना
६ जून, संध्याकाळी ६:३५

पेणकर, वाईट झालं. ३० मीटर हा आकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो. रोजच्या वापरात त्याचा अर्थ हात धुताना शिंतोडे उडाले तर चालेल, एवढाच. ५० ला हात पाण्यात गेला तरी चालतं, पोहायला किमान १०० पाहिजे, आणि डायव्हर म्हणून जी २०० मीटरची येतात, क्राऊन स्क्रूने आवळायचा, ती कोकणच्या पावसाला खरी. तेही पाणी अडवणारे आतले रबराचे गॅस्केट चांगले असतील तर. पाच सात वर्षांनी गॅस्केट कडक होतात, ते बदलायचेच.

धुकं दिसलं तर त्याच दिवशी, त्याच दिवशी, घड्याळजीकडे नेऊन झाकण उघडून वाळवून घ्यायचं. रविवार असेल तर क्राऊन बाहेर ओढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि सोमवारी पहिलं काम ते. बाहेरून धुकं गेलेलं दिसलं म्हणजे पाणी गेलं असं नसतं, ते आत लोखंडावर जाऊन बसलेलं असतं.

शारजाकर
७ जून, रात्री १२:१०

मी शारजात १२ वर्षं. इथे सिको ५ घेतलं की वार इंग्रजी आणि अरबी असा मिळतो. मी मुद्दाम अरबीवर ठेवलाय. आल्या आल्या अरबीचं एक अक्षर येत नव्हतं, घड्याळातले सात वार बघून बघून पाठ झाले, जुमा तर पहिल्याच आठवड्यात कारण तेव्हा शुक्रवारी सुट्टी. माझ्या साईटवरचे केरळी फोरमन, पाकिस्तानी ड्रायव्हर, बऱ्याच जणांच्या हातावर हेच असायचं, स्टीलचा पट्टा, थोडा सैल. गावी जाताना भावाला, मेव्हण्याला एक एक. दरवेळी गावाकडून फोन यायचा की बंद पडलंय, सेल कुठे मिळेल, आणि मी सांगायचो अरे घालून शेतात जा.

लातूर२४
७ जून, सकाळी ९:३०

पंधरा हजारात आज काय घ्यावं? पहिलंच घड्याळ. ऑफिस आणि लग्नकार्य दोन्हीला चालेल असं.

चालता_काटा
७ जून, सकाळी १०:१५

भाव सारखे बदलतात म्हणून नक्की आकडे देत नाही, पण या बजेटच्या आसपास ओरिएंट आणि सिटिझनची साधी ऑटोमॅटिक बघा. ओरिएंट बांबिनो शर्टच्या बाहीखाली फार शोभतं, काच फुगीर आहे त्यामुळे दाराच्या चौकटीला आपटणार नाही एवढी काळजी घ्या. ओरिएंटचं ट्राय स्टार अजून स्वस्त, १९७१ पासून चालत आलेलं मशीन, वार बदलायला दोनच्या जागी वेगळं बटण. सिटिझनच्या ८२०० मालिकेतलं मशीन फक्त एका बाजूला चावी भरतं, दुसऱ्या बाजूला रोटर मोकळा फिरतो, हात झटकला की मनगटावर एक भिरभिर जाणवते, काहींना ती खराबी वाटते पण ते तसंच असतं.

माझं मत विचाराल तर मशीनपेक्षा आधी हातावर घालून बघा. फोटोत ४२ मिमी छान दिसतं, हातावर थाळी वाटते.

रेतीघड्याळ
८ जून, रात्री ९:००

भाच्याला घेऊन दिलं. पण तिसऱ्याच दिवशी म्हणतो मामा रोज सात मिनिटं पुढे जातंय. परत करावं का?

चालता_काटा
८ जून, रात्री ९:२५

थांबा, परत करू नका अजून. सात मिनिटं म्हणजे जवळजवळ नक्की चुंबक लागलंय. हेअर स्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटतं. त्याला विचारा रात्री कुठे ठेवतो. स्पीकर, लॅपटॉपचं झाकण, मोबाईलचं चुंबकवालं कव्हर, यातलं काहीतरी निघेल. मोबाईलमधला कंपास चालू करून घड्याळ जवळ न्या, सुई हलली तर समजा.

माझ्या बाबतीत हे २०२१ ला झालं. इन्स्पेक्शन टेबलवर डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड असतो, त्याचा ठोकळा चांगला मजबूत चुंबक, मी रोज डाव्या हाताने तो धरून उजव्या हाताने बटण फिरवायचो. घड्याळ बरोबर त्याच्या वर. एक दिवस शिफ्ट संपायच्या भोंग्याला बघतो तर माझं घड्याळ सहा मिनिटं पुढे. मला वाटलं संपलं सगळं. आमच्या ग्राइंडिंगमध्ये जॉब डिमॅग्नेटाइज करायचं, म्हणजे पार्टला लागलेलं चुंबकत्व काढायचं, यंत्र आहे, तिथल्या सिनियर ऑपरेटरने सांगितलं आण इकडे. घड्याळ त्याच्या वर आडवं धरलं, बटण चालू, आणि घड्याळ सावकाश वर वर उचलत हात पूर्ण लांब झाल्यावरच बटण बंद केलं. मध्येच बंद केलं तर चुंबक तसाच राहतो, उलट वाढतो, हे त्याने तीन वेळा बजावलं. दहा सेकंदाचं काम. दुसऱ्या दिवशी परत अधिक १४. तेव्हापासून कामावर घड्याळ उजव्या खिशात.

घड्याळजीकडे छोटं निळं डिमॅग्नेटायझर असतं, ऑनलाईन पण काही शे रुपयात मिळतं.

रेतीघड्याळ
९ जून, रात्री ८:१०

ब्लूटूथ स्पीकरच्या वर ठेवत होता! घड्याळजीने पाच मिनिटात काढून दिलं, पैसे पण घेतले नाहीत. आज दिवसभरात ९ सेकंद पुढे. भाचा वहीत लिहून ठेवतोय.

चालता_काटा
९ जून, रात्री ८:३५

वही ठेवतोय हे फार छान. त्याला अजून एक सांगा. रात्री काढून ठेवताना कसं ठेवतो याने फरक पडतो. तबकडी वर, क्राऊन वर, क्राऊन खाली, प्रत्येक स्थितीत बॅलन्सवरचं घर्षण बदलतं. माझं तबकडी वर ठेवलं तर रात्रीत ५ सेकंद पुढे, क्राऊन वर करून उभं ठेवलं तर ३ मागे. प्रत्येक घड्याळाचं वेगळं असतं, एक एक स्थिती आठवडाभर करून बघायची. दिवसाची चूक रात्री भरून काढता येते, स्क्रू ड्रायव्हर न लावता.

निवृत्त_मास्तर
२१ जून, संध्याकाळी ७:४०

मंडळी, कांचन चालू झाले.

मेन रोडच्या मागच्या गल्लीत एक घड्याळजी मिळाले, वडिलांपासूनचे दुकान, स्वतः साठीचे. त्यांनी माझ्यासमोर झाकण उघडले. आतले तेल मधासारखे घट्ट झाले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने कोरलेले दोन छोटे आकडे दिसले, ते म्हणाले या पूर्वीच्या दुरुस्तीच्या खुणा, ज्याने उघडले तो आपली खूण आणि वर्ष लिहून ठेवतो. एक खूण ९१ ची, एक ९८ ची. ९८ ची मला आठवली, मुलीच्या बारशाला घड्याळ पाण्यात पडले होते. त्यांनी आता तिसरी कोरली.

नऊ दिवस लागले, १,२०० रुपये घेतले. एक चाक दुसऱ्या एचएमटीतून घातले असे स्पष्ट सांगितले आणि जुने चाक कागदाच्या पुडीत परत दिले. पॉलिश करू का विचारले, मी आपल्या सांगण्याप्रमाणे नको म्हटले. पट्टा मात्र नवा घेतला, काळा, १८ मिमी.

चार दिवस घातले. पहिल्या दिवशी हिने विचारले कुठे निघालात, कारण पूर्वी शाळेत जायच्या आधी मी हेच चढवत असे. दिवसाला २५ सेकंद मागे पडते. तबकडी वर ठेवून तीन रात्री पाहिले, फरक नाही. आज क्राऊन खाली करून वाटीला टेकवून ठेवणार आहे. सकाळी किती झाले ते इथेच लिहितो.

निवृत्त_मास्तर
२२ जून, सकाळी ६:१०

उणे १७.